तिवोलीच्या बागेचे दप्तर

इ. स. १५५० च्या सप्टेंबर महिन्यात, रोमच्या पूर्वेस सुमारे वीस मैलांवर, जेथे आनिएने नदी डोंगरांचा आधार सोडून एकाएकी मैदानाकडे उडी घेते त्या कड्यावरील तिवोली गावात नवा सुभेदार दाखल झाला. गावाने आपल्या ऐपतीप्रमाणे त्याचे स्वागत केले. परंतु सुभेदाराच्या राहण्यासाठी जी जागा नेमून दिलेली होती ती सांता मारिया माज्जोरे या चर्चला लागून असलेल्या एका जुन्या मठाचा भाग होती, आणि फ्रान्सच्या राजाच्या पंक्तीस बसून ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे काढली त्या गृहस्थाला त्या ओलसर, कोंदट कोठड्या किती रुचल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. मठाच्या खिडक्यांतून मात्र खाली उतरत जाणारी एक दरी दिसत होती, तिच्यात द्राक्षांचे मळे आणि गरिबांची घरे होती, आणि दूर क्षितिजावर रोमचे मैदान पसरले होते. त्या दरीवर सुभेदाराची नजर पडली, आणि तेथून जे दप्तर उघडले ते पावणेचारशे वर्षे मिटले नाही.

हा सुभेदार म्हणजे कार्डिनल इप्पोलितो देस्ते. फेर्राराचा ड्यूक अल्फोन्सो याचा हा पुत्र. आई लुक्रेझिया बोर्जा, म्हणजे पोप अलेक्झांडर सहावा याची कन्या. पोपला कन्या कशी, हा प्रश्न त्या काळी रोममध्ये कोणी फारसा विचारीत नसे. थोरला भाऊ गादीवर बसणार हे ठरलेले असल्यामुळे धाकट्याला धर्मपीठाच्या चाकरीत घालण्याचा त्या घराण्यांचा रिवाज होता, आणि तो इतक्या निष्ठेने पाळला गेला की वयाच्या दहाव्या वर्षीच इप्पोलितो मिलानचा आर्चबिशप झाला. पुढे फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्या आग्रहावरून १५३८ साली त्याची कार्डिनलपदी निवड झाली. ल्योंचे आर्चबिशपपद आणि फ्रान्समधील अनेक मठांचे उत्पन्न त्याच्याकडे चालू झाले, म्हणजे मठात पाऊल न टाकता मठाचा वसूल घ्यावयाचा. राहता राहिली ती पोपपदाची इच्छा. ती त्याने एकाहून अधिक वेळा बाळगली आणि प्रत्येक वेळी ती विफल झाली. १५५० साली ज्यूलियस तिसरा निवडून आला त्यात इप्पोलितोचा हात होता, आणि त्या उपकाराची फेड म्हणून तिवोलीची सुभेदारी त्याच्या पदरात पडली. सिंहासन हुकलेल्या माणसाला दिलेले ते एक प्रकारचे समाधान होते, आणि त्या समाधानाच्या पोटातून इटलीतील सर्वांत ऐश्वर्यसंपन्न उद्यान जन्मास आले.

परंतु ते एका दमात जन्मले नाही. जमिनीची खरेदी सुरू होते न होते तोच इप्पोलितोला फ्रेंच राजाच्या कामगिरीवर सिएनाला जावे लागले. तेथून परत यावे तर १५५५ साली कर्मठ आणि कोपिष्ट पॉल चौथा पोप झाला व त्याने धर्मपदांच्या खरेदी-विक्रीचा ठपका ठेवून इप्पोलितोची सुभेदारी काढून घेतली आणि त्याला रोमबाहेर घालवले. पॉलच्या मृत्यूनंतर पायस चौथ्याच्या कारकिर्दीत तो पुन्हा तिवोलीस आला तेव्हा त्याचे वय पन्नाशीच्या घरात होते, आणि वेळ थोडा राहिला आहे ही जाणीव त्याच्या पुढील कामाच्या झपाट्यात स्पष्ट दिसते. दरीच्या उतारावरील मळे, घरे, वाटा विकत घेतल्या गेल्या. जेथे मर्जीने देणारा भेटला नाही तेथे सुभेदाराचा दरारा उपयोगी पडला. आणि ज्यांची घरे पडली त्या तिवोलीकरांनी कार्डिनलवर फिर्यादी लावल्या. सोळाव्या शतकातील सामान्य माणूस आपल्याच सुभेदाराला न्यायासनापुढे ओढू धजला, ही गोष्ट त्या बागेतील कोणत्याही कारंज्याइतकीच प्रेक्षणीय आहे असे मला वाटते. परंतु फिर्यादी चालू राहिल्या आणि बागही चालू राहिली.

या कामाचा योजक पिर्रो लिगोरिओ हा केवळ वास्तुविशारद नव्हता, तो प्राचीन अवशेषांचा व्यासंगी होता. तिवोलीच्या पायथ्याशी सम्राट हाद्रियनच्या अवाढव्य वाड्याचे भग्नावशेष पसरलेले होते. लिगोरिओने ते खणले, मोजले, त्यांची टिपणे केली, आणि तेथे सापडलेले पुतळे नव्या धन्याच्या बागेत आणून बसवले. दीड सहस्र वर्षांपूर्वीच्या एका धन्याची चीजवस्तू येणेप्रमाणे दुसऱ्याकडे गेली, आणि तिचा मोबदला देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मूळ मालकाचा वारस कोणी उरला नव्हता.

बागेचा खरा प्राण म्हणजे पाणी. गावाच्या खालून बोगदा पाडून आनिएनेचे पाणी आत घेण्यात आले, आणि डोंगरातील झऱ्याचे पाणी निराळ्या पाटाने आणले गेले. सुमारे अकरा एकरांच्या त्या उतारावर पन्नासांहून अधिक कारंजी आहेत, आणि ती सर्व केवळ उंचावरून खाली येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालतात. एकही पंप तेथे कधी बसवला गेला नाही. शंभर कारंज्यांची ती प्रसिद्ध ओळ एका टोकास तिवोलीचे प्रतीक असलेल्या अंडाकृती कारंज्यापासून निघून दुसऱ्या टोकास दगडविटांत उभारलेल्या छोट्या रोमनगरीपर्यंत जाते, म्हणजे सुभेदाराचे गाव आणि जी राजधानी त्याला कधीच मिळाली नाही ती राजधानी यांना पाण्याच्या धाग्याने जोडते. सर्वांत नवलाचे ते जलवाद्य: वरून कोसळणारे पाणी एका बंद कोठडीत हवा कोंडून ती नळ्यांत दाबीत असे, आणि पाण्याच्याच चाकावर फिरणारा खुंट्यांचा दंडगोल त्या वाद्याच्या पट्ट्या दाबून सूर उमटवीत असे. १५८१ साली फ्रेंच निबंधकार माँतेन्य तेथे गेला तेव्हा या यंत्राचे वर्णन करण्यात त्याने आपल्या प्रवासवृत्ताची बरीच जागा खर्ची घातली आहे.

१५७२ च्या सप्टेंबरात पोप ग्रेगरी तेरावा बाग पाहावयास आला. त्याच्या बोनकोम्पाञी घराण्याच्या चिन्हावर व्याल होता. म्हणून बागेच्या मध्यावर चार व्यालांच्या मुखांतून पाणी उसळवणारे कारंजे एका रात्रीत उभारले गेले अशी आख्यायिका आहे. एका रात्रीची गोष्ट सोडून द्यावी. पाहुण्याची मर्जी राखण्याची घाई मात्र खरी असावी. ज्या पदासाठी इप्पोलितो आयुष्यभर झुरला त्या पदावरील माणसाला त्याने आपले सारे वैभव दाखवले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो रोममध्ये मरण पावला. त्याचा देह तिवोलीस आणून बागेशेजारच्या त्याच सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पुरण्यात आला.

आता मालकीचा पेच सुरू झाला. कार्डिनलला औरस संतती असावयाची नाही. त्यामुळे रोमच्या धर्माधिकाऱ्यांची संपत्ती पुतण्याकडे किंवा भाच्याकडे जात असे, आणि पुतणा, भाचा व नातू या सर्वांसाठी इटालियन भाषेत जो एकच शब्द आहे त्यावरूनच युरोपीय भाषांत वशिलेबाजीला नाव पडले. काका-पुतण्यांच्या नात्यातून राजकारणात काय काय घडू शकते हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. फरक इतकाच की रोममध्ये काका पुतण्याला वाढवीत असे. इप्पोलितोने बाग पुतण्यास, कार्डिनल लुइजी देस्ते यास, दिली. आणि पुढे एस्ते घराण्यात जो कोणी कार्डिनल असेल त्याच्याकडे ती जावी, आणि तसा कोणी नसेल तर कार्डिनलमंडळाच्या ज्येष्ठाकडे जावी, अशी तजवीज केली. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर ही मिळकत वतन की सरंजाम, हे त्याने धड ठरवले नाही. वतन वंशाबरोबर चालते, सरंजाम चाकरीबरोबर चालतो. इप्पोलितोला दोन्ही हवी होती, घराण्याचे नावही हवे होते आणि हुद्द्याचे तेजही हवे होते. या एका कलमाची किंमत बागेने पुढे वारंवार मोजली.

१५८६ साली लुइजी वारला आणि घराण्यात त्या वेळी दुसरा कार्डिनल नव्हता. बाग परक्यांकडे गेली. कार्डिनलमंडळाच्या ज्येष्ठांना तेथे राहण्याचा मान होता, पण दुरुस्तीवर खर्च करण्याचे कारण नव्हते, कारण आज खर्च करावा आणि उद्या तो दुसऱ्याच्या उपभोगास यावा, हे वृद्ध माणसाला सहसा पटत नाही. इकडे १५९७ साली एस्ते घराण्याच्या थोरल्या शाखेचा शेवटचा ड्यूक निपुत्रिक मेला. दुसऱ्याच वर्षी पोपने फेर्रारा आपल्या राज्यात सामील केले, आणि घराण्यास मोदेनाला बिऱ्हाड हलवावे लागले. ज्यांची राजधानी पोपने घेतली त्यांनीच पोपकडून बाग परत मागितली, आणि ती मिळाली! १५९९ साली कार्डिनल झालेल्या अलेस्सांद्रो देस्तेने जुन्या हक्काने बागेचा ताबा मिळवला, आणि १६२१ साली पोप ग्रेगरी पंधराव्याकडून ती मिळकत हुद्द्याच्या बंधनातून सोडवून कायमची घराण्याच्या नावे करून घेतली. सरंजामाचे वतन झाले. हा ग्रेगरी पंधरावा लुदोविसी कुळातला. त्याचे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण त्या कुळाच्या स्वतःच्या बागेची गोष्ट पुढे यावयाची आहे.

हुद्द्याच्या मिळकतीची दुसरी तऱ्हाही याच प्रांतात पाहावयास मिळते. व्हितेर्बोजवळील बाञाया येथे कार्डिनल गांबारा याने आणि त्याच्यामागून पोप सिक्स्तस पाचवा याचा तरुण नातलग कार्डिनल मोंताल्तो याने, परस्परांशी रक्ताचा काही संबंध नसताना, एकाच बागेत दोन जुळी उद्यानगृहे पुरी केली. १६५६ साली पोपने ती बाग लांते घराण्यास पट्ट्याने दिली, आणि पट्टा पिढ्यानपिढ्या असा काही चालत राहिला की बांधणाऱ्या दोघांची नावे मागे पडून पट्टेदाराचेच नाव बागेस चिकटले. आज जग तिला व्हिला लांते म्हणूनच ओळखते.

तिवोलीस सतराव्या शतकात कार्डिनल रिनाल्दो देस्तेने पुन्हा हात घातला आणि बेर्निनीसारख्या शिल्पश्रेष्ठाकडून कारंज्यांत भर घालून घेतली. कालांतराने मात्र घराण्यात ना कार्डिनल राहिले ना पैसा. मोदेनाचे ड्यूक युद्धांच्या कर्जात बुडत चालले होते. तिसऱ्या फ्रान्चेस्कोने तर आपल्या चित्रसंग्रहातील शंभर उत्कृष्ट चित्रे ड्रेस्डेनच्या दरबारास विकून टाकली. मोदेनापासून दूर असलेल्या, वसूल काही न देणाऱ्या आणि पाण्याच्या नळांसाठी सतत पैसे मागणाऱ्या बागेकडे अशा धन्याने कसे पाहावे? हाद्रियनच्या वाड्यातून आलेले पुतळे एकामागून एक विकले गेले. त्यांतले काही पोप बेनेडिक्ट चौदाव्याने रोमच्या कापितोलिनो संग्रहालयासाठी घेतले. नळ तुंबले, कट्टे ढासळले, शेवाळ चढले.

आणि येथे एक मौजेची गोष्ट आहे. इप्पोलितोची बाग ही काटछाट केलेल्या झुडपांची, उघडी, उन्हात न्हाणारी, भूमितीची बाग होती. आज जिच्या घनदाट छायेवर प्रवासी लुब्ध होतात, ती पुष्कळशी नंतरच्या लागवडीची आणि हेळसांडीची देणगी आहे. सुरूचे वृक्ष कोणी तोडले नाहीत म्हणून आकाशास भिडले. १७६० च्या उन्हाळ्यात फ्रागोनार आणि ह्यूबेर रोबेर हे दोन तरुण फ्रेंच चित्रकार एका श्रीमंत धर्मगुरूचे पाहुणे म्हणून तेथे राहिले. फ्रागोनारने तांबड्या खडूने काढलेल्या चित्रांत जी बाग दिसते ती भग्न, झाडीत बुडालेली, स्वप्नासारखी बाग आहे. धन्याच्या कंगालपणाने जे सौंदर्य निर्माण केले ते इप्पोलितोला आपल्या बागेत ओळखूही आले नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एस्ते घराण्याची पुरुषशाखा संपली. शेवटचा ड्यूक एर्कोले तिसरा याची कन्या मारिया बेआत्रिचे ही ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक फेर्दिनांद यास दिलेली होती. तिच्याद्वारा मोदेनाचे ड्यूकपद आणि तिवोलीची बाग दोन्ही हाब्सबुर्ग कुळाकडे गेली. व्हिएन्नाकडे तोंड करून बसलेल्या या धन्यांना रोमजवळच्या पडक्या बागेचे सुखदुःख नव्हते. अखेर १८५० च्या सुमारास गुस्ताव्ह होहेन्लोहे नावाच्या एका जर्मन धर्माधिकाऱ्याने, जो पुढे कार्डिनल झाला, ती पट्ट्याने मागून घेतली आणि स्वखर्चाने छपरे शाकारली, नळ मोकळे केले. याच होहेन्लोहेने १८६५ साली संगीतकार फ्रान्झ लिस्टला धर्मसंस्थेची प्राथमिक दीक्षा दिली, आणि तेव्हापासून लिस्ट वर्षानुवर्षे तिवोलीच्या वरच्या मजल्यावर मुक्कामास येत राहिला. १८७७ साली त्याने त्या कारंज्यांवर आणि सुरूंवर पियानोसाठी रचना केल्या. पट्टेदाराच्या त्या पाहुण्याने बागेसाठी जे केले ते तिच्या ऑस्ट्रियन मालकांपैकी कोणीही केले नाही.

याच सुमारास रोममधील थोरामोठ्यांच्या बागांवर निराळेच संकट कोसळत होते. त्या बागा शतकानुशतके अखंड राहिल्या होत्या याचे कारण धन्यांचा सद्गुण नव्हे, तर कायदा. मूळ पुरुष मृत्युपत्रात असे बंधन घालून ठेवी की मिळकत थोरल्या मुलाकडे जावी, त्याने तिचा उपभोग घ्यावा, पण तिची विक्री वा वाटणी करू नये. एकीकृत इटलीच्या १८६५ च्या संहितेने हे बंधन मोडीत काढले, आणि १८७० साली पोपची सत्ता जाऊन रोम इटलीच्या राज्यात आल्यावर, १८७१ च्या कायद्याने तेथील उमराव घराण्यांनाही ते लागू झाले. चित्रे आणि पुतळे यांच्या जुन्या संग्रहांपुरता अपवाद ठेवला गेला. जमिनीला अपवाद नव्हता. नव्या राजधानीत घरांची टंचाई होती आणि जमिनीचे भाव चढत होते. ज्या लुदोविसी कुळातील पोपने तिवोलीची बाग एस्तेंना कायम करून दिली, त्याच्या पुतण्याने रोममध्ये रचलेली विख्यात व्हिला लुदोविसी या वेळी बोनकोम्पाञी-लुदोविसी या जोडघराण्याकडे, म्हणजे त्या व्यालचिन्हाच्या ग्रेगरी तेराव्याच्या वंशजांकडे होती. त्यांनी १८८० नंतरच्या दशकात ती इमारती बांधणाऱ्यांच्या हवाली केली. जुने वृक्ष तोडले गेले, जमिनीचे तुकडे पडले, आणि आज तेथे व्हेनेतो नावाचा श्रीमंती हॉटेलांचा रस्ता आहे. बागेतले एक लहान उद्यानगृह तेवढे वाचले. त्याच्या एका छतावर काराव्हाज्जोचे तैलचित्र आहे, छतावर त्याने काढलेले एकमेव. २०२२ च्या जानेवारीत ते घर ४७ कोटी १० लाख युरो एवढ्या अंदाजाने लिलावात निघाले आणि एकही बोली आली नाही.

बोर्गेसे कुळाची बागही त्याच वाटेने जावयाची, पण ती अडली, आणि ती अडवणारा शब्द मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे: वहिवाट. पोप पॉल पाचवा याचा भाचा कार्डिनल शिपिओने याने रचलेल्या त्या बागेत रोमचे नागरिक पिढ्यानपिढ्या मुक्तपणे फिरावयास जात. १८८५ साली प्रिन्स बोर्गेसेने दरवाजे बंद केले तेव्हा नगरपालिका कोर्टात गेली, आणि १८८७ साली रोमच्या श्रेष्ठ न्यायालयाने फैसला दिला की जमीन धन्याची असली तरी तेथे फिरण्याचा लोकांचा वहिवाटीचा हक्क शाबीत आहे. आता ज्या जमिनीवर लोकांना फिरू द्यावे लागते ती तुकडे पाडून विकणार कशी? पुढे जमिनींच्या सट्ट्यात हे कुळ दिवाळखोर झाले. १९०२ साली सरकारने बाग, वाडा आणि संग्रह मिळून ३६ लाख लिरांना विकत घेतले, आणि दुसऱ्या वर्षी बाग नगरपालिकेच्या स्वाधीन केली. तिवोलीच्या घरे गेलेल्या फिर्याद्यांना जे साधले नाही ते रोमच्या फिरस्त्यांना तीन शतकांनी साधले.

तिवोलीची बाग या सट्ट्यातून सुटली ती केवळ तिचा मालक परदेशस्थ होता म्हणून. मोदेनाचा पदच्युत ड्यूक पाचवा फ्रान्सिस १८७५ साली निपुत्रिक वारला. आपला वारस एस्ते हे नाव धारण करील या अटीवर त्याने सारी मिळकत अकरा वर्षांच्या एका ऑस्ट्रियन राजपुत्राला दिली होती. त्या मुलाचे नाव फ्रान्झ फेर्दिनांद. १८९३ च्या जानेवारीत पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेला हाच राजपुत्र मुंबई बंदरात उतरला आणि पुढे शिकारीसाठी हैदराबादकडे गेला. त्याच्या स्वागतास धक्क्यावर जमलेल्या मुंबईकरांपैकी कोणाच्याही मनात आले नसेल की इप्पोलितोच्या शंभर कारंज्यांचा धनी आपल्यासमोरून चालला आहे, आणि खरे म्हणजे त्या धन्याच्या मनात तरी ती कारंजी कितपत असतील याची मला शंका आहे. १८९६ साली होहेन्लोहे वारला आणि बागेचा शेवटचा जिव्हाळ्याचा रखवालदार गेला. ओलाव्याने भिंतीवरील चित्रे पुन्हा पोपडू लागली.

२८ जून १९१४ रोजी साराएव्होला फ्रान्झ फेर्दिनांदचा खून झाला. त्या गोळीने पेटलेल्या युद्धात १९१५ च्या मे महिन्यात इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध शस्त्र उपसले, आणि तिवोलीची बाग अचानक शत्रूची मालमत्ता ठरली. युद्ध संपल्यावर ती इटालियन सरकारच्या नावे चढली. जी मिळकत पोपच्या सनदेने मिळाली, मृत्युपत्राने गुंतली, लग्नाने परकी झाली, ती शेवटी जप्तीने स्वदेशी आली. आणि १९२० नंतरच्या दशकात सरकारने दुरुस्ती करून तिचे दरवाजे सर्वांस उघडे केले. १९४४ साली दोस्तांच्या बाँबवर्षावात तिचे नुकसान झाले, तेही भरून काढण्यात आले. कित्येक पिढ्या मुके असलेले जलवाद्य दुरुस्त होऊन २००३ सालापासून ठरावीक वेळी पुन्हा वाजू लागले आहे.

इप्पोलितोने हाद्रियनच्या वाड्यातून उचललेले पुतळे बहुतेक सारे पांगले. परंतु तो वाडा आणि ही बाग या दोन्ही मिळकतींचा कारभार २०१६ पासून इटलीच्या संस्कृती मंत्रालयाने एकाच कार्यालयाकडे सोपवला आहे, आणि त्या कार्यालयाचे नावच, लॅटिन अनेकवचनात, 'व्हिले' असे आहे.